आधी नळी, मग लाकूड : मुलांसाठी नेमबाजीची रायफल घेताना



गेल्या हंगामात उसाच्या लावणीची पाहणी करायला एका गावी गेलो होतो. बांधावरचे काम आटोपले, चहा झाला आणि घरधनी जरा संकोचून म्हणाले, "साहेब, ऊस राहू द्या बाजूला. एक वेगळंच विचारायचंय. आमची पोरगी तालुक्याला नेमबाजी शिकते. मास्तर म्हणतात, आज ना उद्या तिला पॉइंट टू-टूची रायफल लागंल. किती पैसे घालू? कर्ज काढू, का हिच्या आईच्या पाटल्या मोडू?"

आई दाराशी उभी होती. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिले नाही, मुलीकडे पाहिले.

माझा विषय माती आणि पीक. तरीही मी लगेच "मला काय कळतं त्यातलं" असे म्हणालो नाही. कारण याच प्रश्नाचे एक चुकीचे उत्तर मी पूर्वी आमच्याच घरात देऊन बसलो आहे. त्या चुकीपायी जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे ऑलिंपिकच्या नेमबाजीत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल, तीन पवित्रे या प्रकारात कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत त्यांचे गुण होते ४५१.४. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूने पुन्हा ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक घेतले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलीत जगज्जेत्या झाल्या होत्या. तेव्हा आपल्या पोरापोरींना हा खेळ खुणावतो आहे, यात नवल नाही. चिंता आहे ती खर्चाची. हौसेने घेतलेली चुकीची वस्तू घराला किती वर्षे मागे नेते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

ही रायफल असते तरी कशी?

दाराला आपण आडवी कडी लावतो. कडी उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची, खाली पाडायची. बोल्ट-अॅक्शन रायफल याच रीतीने चालते. बोल्ट उचलून मागे घेतला की रिकामे काडतूस बाहेर पडते. नवे काडतूस हाताने ठेवून बोल्ट पुढे सारून खाली दाबला की काडतूस नळीच्या तोंडाशी घट्ट बसते. दर वेळी ते तितक्याच घट्टपणे बसते, म्हणून दर गोळी सारखी जाते. नेमबाजीत या सारखेपणालाच किंमत आहे. ५० मीटरच्या स्पर्धेत एका वेळी एकच काडतूस भरायचे असते, त्यामुळे भराभर गोळ्या सोडणाऱ्या यंत्रणेचा इथे उपयोग नाही.

काडतूस असते पॉइंट टू-टू लाँग रायफल, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाचे. स्पर्धेत गुडघ्यावर बसून २०, पालथे पडून २० आणि उभ्याने २० अशा ६० गोळ्या मोजल्या जातात. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. रायफलीचे वजन सर्व साहित्यासह ८ किलोपेक्षा जास्त चालत नाही.

माझी चूक

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा कॉलेजात एन.सी.सी.मध्ये होता. तिथल्या सरकारी पॉइंट टू-टू रायफलीवर त्याचा हात चांगला बसला. शिक्षण संपले, वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाली, परवानाही मिळाला. भावाने मला विचारले, कारण घरात शिकलेला मी. एका दुकानात वापरलेली रायफल स्वस्तात मिळत होती. लाकूड कसे चकचकीत, वजन हलके, हातात घेतली की छाती फुगावी! मी म्हणालो, "घेऊन टाक. हळूहळू एकेक भाग बदलू."

त्या रायफलीत बदलण्याजोगे काहीच नव्हते. ती रानात हिंडणाऱ्यासाठी बनवलेली होती. दस्ता एकसंध, लांबी कमी-जास्त होत नव्हती. गालाखालचे लाकूड वर-खाली होत नव्हते. खाली हाताचा टेकू आणि पट्टा अडकवायला पट्टी नव्हती. नेम धरण्याची बारीक छिद्राची मागची साइट बसवायला वर खाच नव्हती. चाप जड होता, आणि तो हलका करायची सोय कारखान्यानेच ठेवलेली नव्हती. पोराने मान वाकडी करून दोन वर्षे त्याच रायफलीवर काढली. शेवटी ती निम्म्याहून कमी पैशात गेली, आणि नव्या माणसाच्या परवान्यावर चढेपर्यंत आणखी काही महिने गेले. भावाचे सोयाबीनचे पैसे बुडाले ते बुडालेच. पण नेमबाजाच्या वयातली ती दोन वर्षे कोण भरून देणार? भाऊ मला कधी काही बोलला नाही. त्याचेच मला जास्त लागते.

ट्रॅक्टर आधी, अवजारे मागून

आपण ट्रॅक्टर घेताना काय करतो? आधी इंजिन आणि मागचा जोड नीट पाहतो. जोड प्रमाणातला असला की आज नांगर, पुढच्या वर्षी रोटाव्हेटर, त्यानंतर पेरणी यंत्र, असे एकेक जोडता येते. पण इंजिनच दुबळे असेल, किंवा कुठलेच अवजार बसत नसेल, तर रंग कितीही छान असून काय उपयोग?

रायफलीचे इंजिन म्हणजे नळी, बोल्टचा सांगाडा आणि चाप. या तीन गोष्टींत काटकसर करू नये. बाकीचे, म्हणजे दस्ता, गालाचा टेकू, खांद्याची पट्टी, साइट, वजने, हे सगळे मागून येऊ शकते.

एक खरे उदाहरण देतो. जर्मनीतल्या ऊल्म गावच्या आन्शुट्झ कारखान्याचा 'मॅच ५४' नावाचा सांगाडा जगभरच्या नेमबाजांनी पिढ्यान् पिढ्या वापरला आहे. त्यावर बांधलेली १९०७ क्रमांकाची साध्या लाकडी दस्त्याची रायफल घेतली, तरी पुढे ऐपत आल्यावर तीच नळी आणि तोच सांगाडा सर्व बाजूंनी जुळवता येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दस्त्यात बसवता येतो. गाभा तोच राहतो, दस्ता नवा येतो. त्याच कारखान्याचा 'मॅच ६४' हा धाकटा सांगाडा हलका आहे आणि वाढत्या वयाच्या मुलांना सोसतो. वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ या जर्मन कारखान्यांच्याही स्पर्धेच्या रायफली आहेत. या सगळ्या बाहेरच्या देशातून येतात आणि नव्या घेतल्या तर हिशेब लाखांत जातो. म्हणूनच ज्येष्ठ खेळाडूने नीट सांभाळलेली, चांगल्या गाभ्याची जुनी रायफल ही पुष्कळदा स्वस्त गाभ्याच्या नव्या रायफलीपेक्षा बरी ठरते. शिशाच्या या लहान गोळीने नळी फार सावकाश झिजते, त्यामुळे केवळ जुनी म्हणून नाक मुरडू नये.

जुनी रायफल पारखताना

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. इथेही तसेच करावे. प्रशिक्षकाला बरोबर घेतल्याशिवाय जाऊच नये.

पहिले, नळीचे पुढचे तोंड. त्याची कड सगळीकडून सारखी हवी. तिथे ठोकर लागलेली असेल तर गोळी सुटतानाच वाकडी होते. दुसरे, नळीच्या आतला भाग. बोल्ट काढून मागून उजेडाकडे पाहावे. गंजाचे खड्डे दिसले तर उठून यावे. तिसरे, बोल्ट. तो लोण्यासारखा सरकावा, पण बंद झाल्यावर डुगडुगू नये. चौथे, चाप. दर वेळी त्याच जागी, तितक्याच जोराला सुटला पाहिजे.

पाचवे आणि मुख्य, ती चालवून पाहणे. रेंजवर रायफल नीट टेकवून ५० मीटरवर १० गोळ्या मारून घ्याव्यात. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळी ५.६ची. गोळीची कड रेषेला लागली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत २० मिलिमीटरच्या आत १० गोळ्यांचा पुंजका बसला, तर ती रायफल दहा गुण देऊ शकते. पुंजका एकत्र पण बाजूला पडला तर काळजी नाही, साइट फिरवून तो मध्यावर येतो. विखुरला, तर तपासावे.

मात्र विखुरल्याचा दोष लगेच रायफलीला देऊ नये. आपण बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पाहतो आणि उगवण तपासल्याशिवाय सगळे रान पेरत नाही. काडतुसांच्या डब्यावरही लॉट नंबर असतो. एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसे, पण एका लॉटचा पुंजका घट्ट येतो, दुसऱ्याचा पसरतो. शिवाय एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. दोन-तीन लॉट मारून पाहावेत आणि मगच निकाल द्यावा.

रायफल एकदा, काडतुसे रोज

माझ्या भावाने आणि मी जो हिशेब केलाच नाही, तो हा. मूल दिवसाला ८० गोळ्यांचा सराव करते असे धरा. आठवड्याचे ५ दिवस म्हणजे ४०० गोळ्या. परीक्षा, आजारपण, सणवार सोडून वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर १९,२०० गोळ्या होतात. तुमच्या क्लबात एक काडतूस आज कितीला पडते ते विचारा, आणि या आकड्याने गुणा. येणारी रक्कम एका वर्षाची आहे. ट्रॅक्टर दारात आणि डिझेलला पैसे नाहीत, अशी गत रायफलीची होऊ देऊ नका.

यात जाड कापडाचे जाकीट, विजार, हातमोजा, बूट, प्रवास आणि स्पर्धेची फी मिळवा. मग कळेल की रायफल हा खर्चाचा एक वाटा आहे. म्हणून माझे सांगणे असे की, हाताशी असलेल्या सगळ्या पैशांची रायफल कधीच घेऊ नये. निदान एका वर्षाच्या काडतुसांचे पैसे बाजूला काढून उरलेल्यात रायफल बसत असेल, तरच पुढे जावे.

बसत नसेल तर? तर थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलीवर करावी. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही, छऱ्याचा खर्चही फार कमी. उभ्याने नेम धरणे, श्वास आवरणे, चाप हळू दाबणे, हे तीन संस्कार तिथेच होतात. नंतर क्लबच्या पॉइंट टू-टू रायफलीवर सराव करावा. शाळा-कॉलेजात एन.सी.सी. असेल तर तिथे जरूर घालावे. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे. स्वप्नील यांना वडिलांनी २००९ साली तिथेच घातले, आणि नेमबाजी हा खेळ त्यांनी तिथे गेल्यावर निवडला. घरातून बंदूक घेऊन ते निघाले नव्हते.

अवजारे कोणत्या क्रमाने जोडावीत?

चांगल्या गाभ्याची रायफल हाती आली, की पहिल्या वर्षी ती मुलाच्या अंगाला बसवणे एवढेच काम करावे. मूल वाढत असते. म्हणून आधी दस्त्याची लांबी कमी-जास्त करणारी खांद्याची पट्टी आणि गालाचा टेकू घ्यावा. मान सरळ राहून डोळा आपोआप साइटमागे आला पाहिजे. मग पट्टा आणि हाताचा टेकू. त्यानंतर बारीक छिद्राची चांगली मागची साइट. वजने आणि अॅल्युमिनियमचा दस्ता सर्वांत शेवटी. ८ किलोची मुभा आहे म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती ८ किलो देऊ नयेत. पाठ कायमची धरते.

एका वेळी एकच बदल करावा आणि महिनाभर गुण वहीत लिहावेत. आपण खताचा प्रयोग घेताना एका वाफ्यात एकच खत बदलतो, तसेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने वाढले ते कळत नाही.

लाकडी दस्ता पावसाळ्यात ओल पितो आणि फुगतो. त्याने नळीवर ताण येऊन नेम सरकतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दस्त्याचे स्क्रू प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावेत. फोमच्या पेटीत रायफल महिनोन् महिने ठेवू नये, फोम ओल धरतो. आणि ज्या खोलीत खताची पोती व फवारणीची औषधे असतात, तिथे तर मुळीच ठेवू नये. खताच्या क्षारांनी लोखंडाचे काय होते, ते पेरणी यंत्राच्या पत्र्यावर तुम्ही पाहिलेच आहे.

परवाना आणि घरची शिस्त

पॉइंट टू-टू रायफल लहान दिसली तरी ते खरे शस्त्र आहे. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम तिला लागू आहेत. परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडून मिळतो. साध्या परवान्याला वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. १२ वर्षांपुढील मुलांना जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सरावापुरते शस्त्र वापरता येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. नामांकित नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. त्या आपल्या क्लबाकडून समजून घ्याव्यात. परवाना हातात येण्यापूर्वी कुणालाही इसार देऊ नये. परवान्यावर चढल्याशिवाय जुनी रायफल क्षणभरही घरी आणू नये. नळी कापणे, गावच्या कारागिराकडून चापाला कानस लावणे, हे तर गुन्हेही आहेत आणि जिवावरचेही.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलतो. रात्री भुईमुगात रानडुकरे शिरली, की घरातल्या कुणाच्या तरी मनात येईल, "रायफल आहेच की!" तो विचार तिथेच मोडावा. रानडुकराला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यावर गोळी चालवता येत नाही. खेळाचा परवाना खेळापुरता असतो. शिवाय ही बारीक गोळी डुकराला मारत नाही, जखमी करते, आणि जखमी डुक्कर सकाळी पाणी धरायला गेलेल्या माणसावर येते. चुकलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तेवढ्यात शेजारची वस्ती येते. नुकसान झाले तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाईचा रस्ता तोच आहे. पोराचे वर्षानुवर्षांचे कष्ट एका रात्रीच्या रागापायी पोलीस ठाण्यात जमा होऊ नयेत.

घरी रायफल कुलपात, बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात, काडतुसे तिसऱ्या ठिकाणी. पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढायची नाही. रिकामी आहे असे शंभरदा वाटले तरी नळी माणसाकडे करायची नाही. हे नियम घरातल्या धाकट्यांनाही पाठ हवेत.

मग त्या घरी काय सांगितले?

पाटल्या मोडू नका, असे सांगितले. मुलगी सोळा वर्षांची. परवान्याला अजून अवधी आहे. क्लबात दोन चांगल्या रायफली आहेत, त्यातली एक तिच्या अंगाला बसते. आम्ही तिघांनी मिळून वहीच्या पानावर वर्षाच्या काडतुसांचा हिशेब मांडला. आकडा पाहून घरधनी गप्प झाले. मुलगीच म्हणाली, "आबा, या वर्षी जाकीट आणि गोळ्याच घेऊ. रायफल क्लबची चालंल मला."

उसाचे बिल आले तेव्हा त्यांनी तेवढेच केले. थोडे पैसे रायफलीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकले, आणि दर हंगामाला टाकणार आहेत. परवा बांधावर भेटली तेव्हा मी विचारले, "मग, कुठली रायफल घ्यायची ठरवली?" ती म्हणाली, "अजून ठरलं नाही काका. पण आधी नळी बघणार, मग लाकूड."

माझ्या भावाच्या घरी हे वाक्य मी वेळेवर बोललो असतो, तर किती बरे झाले असते. तुमच्या घरी ते वेळेवर पोहोचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.